आयोटा, काना-मात्रा आणि 'ध' चा 'मा'

देवळाली कॅम्पाने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणीत ताटकळणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या बोलीत गावाचे नाव आणि आपला 'ताप' एकत्र येऊन 'डूलॅली टॅप' झाले. डोके फिरलेल्या माणसाला इंग्लंडात आजही 'डूलॅली' म्हणतात. ही कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गावाच्या नावाचा जसा शब्द होतो, तसा अक्षराच्या नावाचाही होतो. आजचा धागा अशा ग्रीक अक्षरांविषयी आहे. खरे तर त्यांतील एकाच अक्षराविषयी.

इतरांचा उल्लेख ओझरता करतो. 'अल्फा' म्हणजे पहिला, आणि म्हणून वरचढ. 'अल्फा ते ओमेगा' म्हणजे आपले 'अथपासून इतिपर्यंत'. 'डेल्टा' हे अक्षर त्रिकोणी. नाईलच्या मुखाजवळची गाळाची भूमी ग्रीकांना तशीच दिसली आणि हेरोडोटसने तिला त्याच नावाने उल्लेखिले. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी अक्षर सोडले, आकार तेवढा ठेवला : त्रिभुज प्रदेश. त्र्यंबकला उगम पावलेली गोदावरी आंध्रात समुद्राला मिळताना तो घडवते. आणि तोफखान्याच्या या गावाचे इंग्रजी स्पेलिंग बिनतारी संदेशात सांगायचे झाले, तर आरंभ 'डेल्टा'नेच करावा लागतो.

मात्र 'आयोटा'ची गोष्ट निराळी. हे ग्रीक वर्णमालेतील सर्वांत लहान अक्षर, एक उभी रेघ. इंग्रजीत 'आयोटा' म्हणजे तिळमात्र, यत्किंचित. त्याचेच लॅटिनमार्गे झिजलेले रूप म्हणजे 'जॉट'. घाईने काही टिपून घेण्याला इंग्रजीत जे क्रियापद वापरतात, तेही हेच. हा अर्थ आला मत्तयाच्या शुभवर्तमानातून. धर्मशास्त्रातील लहानात लहान अक्षरही नाहीसे होणार नाही, असे येशूचे वचन तेथे आहे. मराठी बायबलमध्ये त्या जागी 'काना' आणि 'मात्रा' आले. मला हे भाषांतर फार आवडते, कारण काना हीसुद्धा एक उभी रेघच!

या अक्षरावर एक मोठा वादही झाला. 325 साली निकायाच्या धर्मसभेने पुत्र हा पित्याशी 'होमोऊसिऑस', म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे, असे ठरवले. पुढे 350 नंतरच्या दशकात दुसरा पक्ष 'होमोइऊसिऑस', म्हणजे सदृश तत्त्वाचा, असे म्हणू लागला. दोन शब्दांत अंतर एका आयोटाचे. गिबनने अठराव्या शतकात या भांडणाची थट्टा केली. इंग्रजीतील 'एका आयोटाचाही फरक नाही' हा प्रयोग या वादातूनच जन्मला, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे नाही. त्याचे मूळ वर सांगितलेल्या शुभवर्तमानात आहे. पण एका रेघेसाठी साम्राज्य दुभंगले, ही कथा इतकी रंगतदार की तिच्यापुढे साधी व्युत्पत्ती फिकी पडते.

अशी रंगतदार कथा आपल्याकडेही आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. रघुनाथरावाने 'धरावे' असे लिहिले होते, आनंदीबाईने 'ध' चा 'मा' करून 'मारावे' केले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. या कथेला छापील प्रतिष्ठा देणाऱ्यांत ग्रँट डफ प्रमुख. त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली, म्हणजे खुनानंतर 53 वर्षांनी प्रसिद्ध झाला. आज्ञापत्रातील शब्द बदललेला होता, असे तो लिहितो. परंतु तो बदल आनंदीबाईने केला, ही गोष्ट मात्र सार्वत्रिक समजूत म्हणून सांगतो. समजूत आणि पुरावा यांतील हे अंतर आपल्या वाक्प्रचाराने पार पुसून टाकले.

आता शब्दच पाहा. 'होमोऊसिऑस'मध्ये आयोटा घुसवायला एक रेघ पुरते. 'धरावे'चे 'मारावे' करायला मात्र अख्खा 'ध' जाऊन 'म' यावा लागतो आणि वर काना लागतो. आणि क्षणभर ती खाडाखोड खरी मानली, तरी उरते काय? राज्य करणाऱ्या पुतण्याला धरण्याची आज्ञा, थकलेल्या पगाराची ओरड करत वाड्यात घुसलेले सशस्त्र गारदी, आणि त्यांच्या पाठीशी पेशवेपदावर डोळा ठेवून बसलेला चुलता. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा दोषाचा ठपका आला तो रघुनाथरावावर. म्हणींनी मात्र त्याला जवळजवळ सोडून दिले आणि दोष एका अक्षरात, एका बाईच्या हाती ठेवला. या वाक्प्रचाराबद्दल माझी तक्रार एवढीच आहे. परीक्षेत तो मीही वापरला आहे, हे कबूल करतो.

रघुनाथराव 1783 मध्ये कोपरगावी वारला. आनंदीबाईचे शेवटचे दिवस पुणे दरबाराच्या नजरेखाली आनंदवल्लीस गेले आणि 1794 साली तेथेच तिचा मृत्यू झाला. ही आनंदवल्ली आमच्या देवळालीपासून फार दूर नाही. नाशिकच्या पश्चिमेस, गोदावरीच्या काठावर असलेले ते गाव आता शहरातच सामावले आहे. गंगापूर रस्त्याने जाताना त्याच्या नावाची पाटी दिसते.