मनगटाची वाट आणि धमनीची राखण

कनेरगाव नाक्यावरून हिंगोलीकडे जा नाहीतर वाशीमकडे, अँजिओग्राफी करून आलेलं कुणी ना कुणी भेटतंच. पूर्वी माणसं ‘मांडीतून केली’ म्हणायची, आता ‘मनगटातून केली’ म्हणतात. हा बदल कसा झाला आणि त्यानं कोणती नवी काळजी आणली, तेवढंच आज सांगतो.

१९८९ साली माँट्रियलच्या डॉ. लुसियाँ कॅम्पो यांनी मनगटातल्या रेडियल धमनीतून केलेल्या १०० रुग्णांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमला डॉ. फर्डिनांड किमेनाय यांनी त्याच वाटेनं अँजिओप्लास्टी केली. कारण साधं होतं. मांडीची धमनी खोल असते, रक्तस्राव आत साठला तर लवकर कळत नाही. मनगटाची धमनी कातडीखालीच, हाडावर टेकलेली. दाबली की रक्त थांबतं.

पण अडचण आली ती याच दाबण्यातून. पट्टा करकचून बांधला की धमनीतला प्रवाह थांबतो, गुठळी होते आणि धमनी कायमची बंद पडू शकते. तळहाताला अल्नर ही दुसरी धमनी रक्त देते, म्हणून रुग्णाला बहुधा काही जाणवत नाही. मात्र पुढच्या वेळची वाट गेलेली असते. २००८ साली अमेरिकेतले डॉ. समीर पंचोली, अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल आणि सहकाऱ्यांनी ४३६ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्त बाहेर येणार नाही, पण धमनीतून वाहत राहील, एवढाच दाब काहींना दिला. महिन्याभरानंतर नेहमीच्या पद्धतीत ७ टक्के धमन्या बंद होत्या. या पद्धतीत १.८ टक्के.

इतर गुंतागुंतींवरही उपाय सापडत गेले. धमनी आकसली तर नायट्रोग्लिसरीनसारखं औषध देतात. बंद पडल्याचं लवकर कळलं तर अल्नर धमनी काही वेळ दाबून रेडियलमधला प्रवाह वाढवतात. भोकापाशी धडधडणारी गाठ झाली तर सोनोग्राफीत पाहून दाब देतात, नाहीतर शस्त्रक्रिया. पुढच्या हातात रक्त साठून स्नायूंवर दाब आला, तर आवरण छेदून तो मोकळा करावा लागतो. तिथं उशीर झाला तर हात निकामी होऊ शकतो.

म्हणून घरी आल्यावर हात फुगून टणक झाला, बोटं गार किंवा बधिर पडली, दुखणं वाढत गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. मनगटातून रक्त आलं तर जागेवर घट्ट दाबून धरा आणि दवाखाना गाठा. शिकलेल्या डॉक्टरांनी तीस वर्षांत जे जाणलं, त्याचा शेवटचा भाग आपल्याच हातात आहे.