पंधरा वर्षांची मुदत आणि शंभरी गाठलेला सैनिक

देश सोडून किती वर्षे झाली की माणसाचे मत संपते? ब्रिटनच्या संसदेने या प्रश्नाचे उत्तर चाळीस वर्षांत चार वेळा बदलले.

१९१८ च्या कायद्याने आघाडीवरच्या सैनिकांना मतदानाची सोय दिली. परदेशी राहणाऱ्या सामान्य नागरिकाला मात्र १९८५ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही हक्क मिळाला तो देश सोडल्यापासून पाच वर्षांपुरता. १९८९ मध्ये मुदत वीस वर्षे झाली. २००० च्या कायद्याने ती पंधरावर आणली.

या मुदतीविरुद्ध हॅरी शिंडलर उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील अँझिओच्या लढाईत ते ब्रिटिश सैन्यात होते. पुढे १९८२ पासून ते इटलीतच राहिले, पण नागरिकत्व ब्रिटिशच ठेवले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांचा दावा फेटाळला. अशी मर्यादा घालणे संसदेच्या अधिकारात बसते, असा निकाल आला. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतातही त्यांना मत नव्हते. ज्या निर्णयावर इटलीतील त्यांचे राहणे अवलंबून होते, त्यातच त्यांना बोलू दिले गेले नाही.

अखेर २०२२ च्या कायद्याने मुदतच रद्द झाली. अंमल १६ जानेवारी २०२४ पासून सुरू झाला. शिंडलर त्याआधीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, १०१ व्या वर्षी वारले.

आता ब्रिटनमध्ये पूर्वी राहिलेला कोणताही ब्रिटिश नागरिक आपल्या जुन्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. नोंदणी दर तीन वर्षांनी नव्याने करावी लागते. मत टपालाने देता येते किंवा तिथल्या विश्वासू माणसाला आपल्या वतीने देण्यास सांगता येते. जुलै २०२४ मध्ये परदेशी गेलेल्या अनेक टपाली मतपत्रिका वेळेत परतल्या नाहीत, म्हणून दूरच्यांना दुसरा मार्ग अधिक भरवशाचा.

आपल्या कोकणातली कितीतरी मुस्लिम कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. त्यांतला कुणी ब्रिटिश नागरिक म्हातारपणी गावी परतला असेल, तर हा हक्क त्याचाही आहे. उलट भारतीय पासपोर्ट ठेवून आखातात राबणाऱ्याला २०१० च्या दुरुस्तीने मतदारयादीत जागा दिली, पण मत द्यायला त्याने स्वतः केंद्रावर यायला हवे. विमानाचे तिकीट परवडेल त्याचेच मत, असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडचा शिंडलर कोण होणार?