सुट्टीचा वार

आमच्या घरात दख्खनी बोलतात आणि अंगणाबाहेर पाऊल टाकलं की मराठी. त्यामुळे काही शब्द मला दोन्हीकडून भेटतात. 'सहल' हा त्यातलाच एक. उर्दूत सहल म्हणजे सोपं, सहज होणारं. मराठीत सहल म्हणजे चार माणसं जमवून, डबे बांधून फिरायला जाणं. आज आमच्या काष्टीतून शनिवार-रविवारी गाड्या भरून माणसं निघतात. कुणी सिद्धटेकला, कुणी पेडगावच्या किल्ल्यावर, तर कुणी थेट महाबळेश्वरला. ते बघितलं की सहल ही खरोखरच सहज गोष्ट वाटते. इतिहासात मात्र ती इतकी सोपी कधीच नव्हती. सहलीला तीन गोष्टी लागतात: हातात मोकळा दिवस, जायला वाहन आणि घरातून निघण्याची मुभा. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांना मिळाल्या. काहींना त्या अजून मिळालेल्या नाहीत.

आधी दिवसाचं बघू. काष्टीचा वार रविवार नव्हे, शनिवार. शनिवारी इथं जनावरांचा मोठा बाजार भरतो. बैलांसाठी हा बाजार लांबलांबच्या तालुक्यांत माहीत आहे. शेतमजुराला आठवड्याची मजुरी बाजाराच्या तोंडावर मिळायची, म्हणून बाजारचा दिवस हाच त्याचा सुट्टीचा दिवस. बैलगाडीत कडबा अंथरायचा, त्यावर पोरं बसवायची, म्हातारीला मधे घ्यायचं आणि निघायचं. मीठ-मिरची घ्यायची, फाळ शेवटून घ्यायचा, पाहुण्यांची गाठ घ्यायची, एखादी सोयरीक जुळते का बघायची आणि येताना पोरांसाठी गोडीशेव बांधून घ्यायची. याला कुणी सहल म्हटलं नाही. म्हणत होते 'बाजार'. पण कुटुंबानं एकत्र घराबाहेर पडायचा आठवड्याचा दिवस तोच होता.

ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे ज्याचा त्याचा वार ठरलेला असे. सुतार, गवंडी अमावास्येला हत्यार खाली ठेवत. मालेगावचे माग शुक्रवारी थांबत, आजही थांबतात. पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत, कारण सोमवार महादेवाचा आणि नंदी त्याचं वाहन. म्हणजे बघा, बैलाला आठवड्याची हक्काची सुट्टी होती. त्याच्या मागं चालणाऱ्या माणसाला मात्र नव्हती. औत थांबलं तरी गोठा, पाणी, जळण ही कामं चालूच.

मग माणसं मजेसाठी बाहेर पडतच नव्हती का? पडत होती, पण त्याला काहीतरी कारण लागायचं. देव, पीर, ऋतू किंवा पीक. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत बसायची, ते आवळीभोजन. आमच्या दख्खनी मुसलमान घरांत सफर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी, म्हणजे 'आखरी चहारशंबा'ला, बागेत किंवा शेतात जायची रीत होती. पैगंबरसाहेबांना आजारपणात त्या दिवशी थोडा उतार पडला, अशी त्यामागं श्रद्धा. त्या दिवशी हिरवळीवर चालायचं आणि तिथंच जेवायचं. जाफर शरीफ यांच्या 'कानून-ए-इस्लाम' या पुस्तकाचा हर्क्लॉट्सनं केलेला इंग्रजी अनुवाद १८३२ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. त्यात दख्खनच्या या रिवाजाची नोंद आहे. अशा रिवाजाला आधार नाही, असं सांगणारे मौलवी पुष्कळ आहेत. पण बायका-मुलांना त्या निमित्तानं चार भिंतींबाहेरचं हिरवं गवत पायाखाली मिळत होतं. आवळीखालची पंगत आणि चहारशंब्याची हिरवळ या मला एकाच घरातल्या दोन बहिणी वाटतात.

थंडीत हुरडा. ज्वारीचं कणीस दुधात भरलं, की बांधावर आगटी पेटायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची आणि चटणी, गूळ, दह्याबरोबर खायची. शेताचा मालक भावकीला, मित्रांना बोलवायचा. पैसे घेऊन हुरडा खाऊ घालायचा असतो, हे त्या पिढीला सांगितलं असतं तर तिला हसू आलं असतं.

आपल्याकडच्या सहलींचे दिवसही हवेनं ठरवले आहेत. आमचा श्रीगोंदा तालुका पर्जन्यछायेतला. चैत्र-वैशाखात दुपारी बाहेर पडायची सोय नाही. म्हणून सहली श्रावणात, नाहीतर मार्गशीर्ष-पौषात. उन्हाळ्यात गारवा मिळवायचा तर एक तर डोंगर चढायचा किंवा पाणी आणायचं. दोन्ही श्रीमंतांची कामं. निजामशाहीनं नगरला फराहबाग बांधली. भोवती पाण्याचा तलाव आणि मधे महाल. शहराला लांबच्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून यायचं. त्या तलावाकाठचा गारवा सुलतानाचा आणि त्याच्या अमीर-उमरावांचा होता. ज्यांनी नळ खोदले ते उन्हात होते. पुढं इंग्रज आले. त्यांनाही ऊन सोसेना. त्यांनी महाबळेश्वर आणि माथेरान वसवलं आणि आमच्या जिल्ह्यातल्या डोंगरगणच्या दरीला 'हॅपी व्हॅली' म्हणू लागले. माथेरानची छोटी आगगाडी १९०७ मध्ये सुरू झाली, ती पीरभॉय या बोहरा कुटुंबाच्या पैशानं आणि जिद्दीनं. 'हवा खायला जाणं' हा शब्दप्रयोग तेव्हा साहेबाला आणि त्याच्या जवळच्यांना शोभायचा. बाकीच्यांना हवा फुकट होती, पण ती खायला वेळ नव्हता.

तो वेळ मिळाला कसा, ही गोष्ट आपण मुलांना सांगायला विसरलो आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कापड गिरण्यांत घाटावरची आणि कोकणातली माणसं राबत होती. उजाडलं की गिरणी सुरू, मावळलं की बंद. आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या किती साध्या होत्या बघा. आठवड्यातून रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी द्या. कामावर जखमी झालेल्याला मदत द्या.

पहिल्या मागणीला सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. रविवार हा साहेबाचा प्रार्थनेचा वार, एवढंच आपण ऐकून असतो. पण तो खंडोबाचाही वार आहे आणि ही गोष्टही त्या मागणीशी जोडून सांगितली जाते. साहेबाच्या कचेऱ्यांना रविवार आधीपासून होता. कामकऱ्याला तो मागावा लागला. २००५ मध्ये टपाल खात्यानं लोखंड्यांचं तिकीट काढलं. रविवारी सकाळी निवांत चहा पिणाऱ्या घरांत मात्र त्यांचं नाव फारसं निघत नाही.

दुसरी गोष्ट वाहनाची. काष्टीचं स्टेशन दौंड-मनमाड लोहमार्गावर आहे. हा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याच्या आधीची दोन वर्षं दख्खनमध्ये भीषण दुष्काळाची. पोटासाठी दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी या मार्गाचं मातीकाम केलं. टोपल्या वाहणाऱ्या त्या बायाबापड्यांनी गाडीत बसायचं स्वप्न पाहिलं नसेल. पुढं त्याच रुळांवरून त्यांची नातवंडं पंढरीला आणि मुंबईला गेली.

स्वातंत्र्यानंतर लाल गाडी आली. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे आणि अहमदनगर या दोन शहरांदरम्यान. आमच्या जिल्ह्याचा हा मान मोठा. रेल्वे स्टेशनापर्यंत यायची, एसटी वेशीपर्यंत आली. शाळेच्या सहलीला निम्मं भाडं आणि लग्नाला, देवदर्शनाला पूर्ण गाडी ठरवायची तर 'प्रासंगिक करार'. हे दोन शब्द डेपोतल्या कागदावरून थेट गावच्या तोंडात बसले. खेड्यातल्या कितीतरी पोरांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. मास्तर डोकी मोजत आणि पोरं लाटा मोजत. वर्गात ज्याच्या शेजारी बसायचं नाही असं घरून सांगितलेलं असायचं, त्याच्याच डब्यातली चटणी त्या दिवशी खाल्ली जायची. राष्ट्रीय एकात्मतेवरच्या भाषणांपेक्षा त्या चटणीनं जास्त काम केलं, असं माझं मत आहे.

भोवतालची ठिकाणंही अशीच सगळ्यांची आहेत. अष्टविनायकातलं सिद्धटेक भीमेच्या काठी. पूल होण्याआधी दौंडकडून येणारे शिरापूरला होडीत बसत आणि होडीत जातपात विचारायला जागा नसे. हे देऊळ बांधून घेणाऱ्या अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. जिल्ह्याला २०२४ मध्ये त्यांचंच नाव मिळालं. त्यांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. धर्मशाळा म्हणजे गरिबाला प्रवासात मिळालेलं छप्पर. श्रीगोंद्यात शेख महंमद बाबा आहेत. मुसलमान घरात जन्मलेले, मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे संत. तिथं चादर घेऊन येणारा आणि टाळ घेऊन येणारा एकाच रांगेत उभा असतो. पेडगावचा बहादूरगड, आता धर्मवीरगड, मात्र वेगळा. १६८९ मध्ये संभाजीराजांना कैद करून इथं आणलं गेलं. भीमेचा काठ सुंदर आहे, जुनी देवळं बघण्यासारखी आहेत, पण तिथं डबा उघडताना आवाज आपोआप खाली येतो. यायलाच हवा.

आता तिसरी गोष्ट, मुभा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. खासगी कंपन्यांत तो आधीच आला होता. शहराला दोन दिवस मोकळे मिळाले आणि शहर गावाकडं निघालं. बारामती परिसरात २००४-०५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचे प्रयोग सुरू झाले आणि २०२० मध्ये शासनाचं धोरणही आलं. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण गंमत बघा. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना रविवारी बैलगाडीतून फिरवायचं, म्हणजे बैल रविवारी जुंपलेला. हुरडा चोळणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या बायाही रविवारी जुंपलेल्या. एकाची सुट्टी दुसऱ्याचा कामाचा दिवस होते, हे फराहबागेपासून चालत आलं आहे. फक्त सुलतान बदलले.

आणि त्याच रस्त्याच्या कडेला, त्याच पौषात, ऊसतोडीच्या टोळ्यांची पालं पडलेली असतात. बीडकडून, पाथर्डी-जामखेडकडून नवरा-बायकोची जोडी येते. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात, माणसाला हत्याराचंच नाव. उचल आधीच घेतलेली. एक दिवस अंग दुखलं, बाईला पाळी आली, पोर तापानं फणफणलं, तरी कामावर न जाणं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. लोखंड्यांनी मागितलेला रविवार या पालांपर्यंत आलेला नाही. आपल्या सहलीची गाडी त्यांच्या उसाच्या गाडीला हॉर्न वाजवून पुढं जाते.

घरातल्या बाईचंही तेच. सहल ठरली की तिचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. धपाटे, पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, सगळं तिचं. तिथं पोचल्यावर सगळे पाण्यात आणि ती पिशव्यांपाशी. पण यात बदल होतो आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं आणि स्टँडवर मी एक नवं दृश्य बघतो. पाच-सात जणींचा घोळका, बरोबर पुरुष नाही, पुरी भाजी नाही, एकेक छोटी पिशवी, आणि हसण्याचा आवाज गाडी सुटली तरी ऐकू येतो. कुठं निघाल्या विचारलं तर देवाचं नाव सांगतात. निमित्त अजून लागतंच. लागू दे. आमच्या आज्यांनाही हिरवळीवर चालायला चहारशंब्याचं निमित्त लागत होतं.

म्हणून पुढच्या वेळी सहल आखाल तेव्हा गाडीत किती माणसं बसतील एवढंच मोजू नका. घरी कोण राहिलं, पिशव्यांपाशी कोण बसलं, आपल्यासाठी आगटीपाशी कोण राबलं, तेही मोजा. डबे सगळ्यांनी मिळून भरावेत. पिशव्या राखायची पाळी प्रत्येकानं घ्यावी. गडावर घरच्या कामवाल्या मावशीलाही न्यावं, ताटं वाढायला नव्हे, गड बघायला. सुट्टीचा वार कुणी आपल्याला दान दिलेला नाही. साडेपाच हजार सह्यांनी तो मिळवला आणि त्यातल्या कितीतरी सह्या अंगठ्याच्या असतील. त्या अंगठ्यांचं देणं आपल्यावर आहे. ज्यांना अजून वार मिळालेला नाही त्यांच्यासाठी तो मागत राहणं, हीच त्या देण्याची फेड.