सात इंची दिव्याची कुळकथा

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं वालूर ओळखलं जातं ते बारवांसाठी, जुन्या मोटारींसाठी नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राजघराण्याची १९१२ची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. गावांच्या वाट्याला ती श्रीमंती आली नाही. आमच्याकडे जुनी गाडी म्हणजे जीप, फार तर एखादी ॲम्बेसेडर. कडब्याच्या गंजीआड वर्षानुवर्षं पडून राहिलेली आजोबांची जीप हल्ली नातवंडं हौसेनं बाहेर काढतात, इंजिन बांधून घेतात, रंग देतात. पहिल्याच रात्री सेलूच्या रस्त्याला लागलं की कळतं, दिवे लागलेत पण रस्ता दिसत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘एलईडी टाका.’ हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. का, ते या दिव्याचं कूळ पाहिलं की कळतं.

मोटारीला पहिले दिवे मिळाले ते घोडागाडीचे, मेणबत्तीचे किंवा तेलाचे. त्यांचं काम रस्ता दाखवण्याचं नव्हतंच. बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगतात तो समोरून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून. तेवढंच त्या दिव्यांचं काम. घोड्याला अंधारात वाट सापडते, मोटारीला सापडत नाही. वेग वाढला तशी प्रकाश पुढे फेकणाऱ्या दिव्याची गरज पडली आणि ती भागवली कार्बाइडनं.

१८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियमच्या खटपटीत होता. चुना आणि कोळशाचं मिश्रण तापवताना त्याच्या हाती कॅल्शियम कार्बाइड लागलं. त्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीनं जळतो. मोटारीच्या दिव्यात खाली कार्बाइडचे खडे, वर पाण्याची टाकी आणि मध्ये थेंब थेंब सोडणारी चावी. वायू नळीतून बर्नरला जायचा. दोन बारीक धारा एकमेकींवर आपटून चपटी ज्योत तयार व्हायची आणि मागचा आरसा तो प्रकाश पुढे फेकायचा. अंधार पडला की गाडी थांबवायची, उतरायचं, पाणी सोडायचं, लसणासारखा वास आला की काडी ओढायची. दुसऱ्या दिवशी तळाशी उरलेला चुन्याचा राडा खरवडून काढायचा. इतकी कटकट असूनही लोकांनी हा दिवा स्वीकारला, कारण रस्ता खरोखर दिसू लागला. अमेरिकेत कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनी ॲसिटिलीन सिलिंडरमध्ये भरून विकण्याची प्रेस्ट-ओ-लाइट कंपनी १९०४ मध्ये काढली. हे दोघे १९०९ मध्ये इंडियानापोलिसचा मोटार शर्यतीचा मार्ग उभारणाऱ्या चौघांपैकी होते.

विजेचा दिवा १८९८ मध्येच एका अमेरिकी मोटारीवर बसला होता. अडचण एकट्या बल्बची नव्हती, गाडीत वीज तयार करण्याचीही होती. १९१२ मध्ये कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर आणि दिवे एकत्र दिले, १९१३ मध्ये बॉशनं डायनमो, रेग्युलेटर आणि दिवे असा पूर्ण संच बाजारात आणला, आणि कार्बाइडचे दिवस भरले. निजामाच्या संस्थानात १९३२ मध्ये २७ अल्बियन बसगाड्यांनी सरकारी बससेवा सुरू झाली तेव्हा मोटारींच्या जगात विजेचे दिवे रुळले होते.

प्रकाश मिळाला आणि नवी अडचण उभी राहिली: समोरच्याचे डोळे दिपू लागले. माझ्या मते या दिव्याचा खरा इतिहास इथून सुरू होतो. आधी लोकांनी दांडा ओढून अख्खा दिवाच खाली झुकवून पाहिला. मग १९२४ मध्ये जर्मनीच्या ओसरामनं एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवल्या. एक आरशाच्या केंद्राशी, लांबच्या प्रकाशासाठी, म्हणजे अप्पर. दुसरी जराशी पुढे, आणि तिच्याखाली धातूची इवलीशी वाटी. आरशाच्या खालच्या भागावर पडून वर उसळणारा प्रकाश ती वाटी अडवते. आपल्या ट्रकांच्या पाठीमागे रात्री डिप्पर वापरायची विनंती रंगवलेली असते, तो डिप्पर हा. तार मिलिमीटरभर हलली तरी झोत बिघडतो, म्हणून तार, आरसा आणि पुढची रेघांची काच हे तिन्ही मिळून एकच यंत्र आहे असं समजावं.

हे यंत्र एका मापाचं केलं ते सीलबीमनं. अमेरिकेतल्या १९४० च्या मॉडेलांवर सात इंची गोल दिवा आला: तार, आरसा आणि काच एकत्र बंद केलेली. आत धूळ जात नाही, आरसा काळवंडत नाही. तार गेली की अख्खा दिवा बदलायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे दिवे बिजागरीवर होते. उलटे फिरवले की रात्री इंजिनावर उजेड पडायचा. लढाईच्या अंधारात काम करणाऱ्या मेकॅनिकचा इतका विचार कुणीतरी केला, याचं मला फार मोल वाटतं. चाळीसच्या दशकाच्या शेवटी महिंद्रानं मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे महिंद्राची जीप, ॲम्बेसेडर आणि बुलेट मोटारसायकल या तिन्हींच्या तोंडावर सात इंची गोल दिवाच राहिला. जुन्या गाडीचा उजेड आज सहज वाढवता येतो तो या एका मापामुळे.

कारण १९७१ मध्ये युरोपात एच-४ हा हॅलोजन बल्ब आला. साध्या बल्बात टंगस्टन उडून काचेवर काळा थर बसतो. हॅलोजनमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीनची वाफ ते टंगस्टन परत तारेकडे नेते, त्यामुळे तार जास्त तापवता येते. अप्परला ६० वॉट, डिप्परला ५५. सात इंची काच-आरशाचा एच-४ संच जुन्या कड्यात तसाच बसतो. जुना सीलबीम काढून हा संच बसवणं, हीच माझ्या मते १२ व्होल्टच्या गाडीची योग्य सुधारणा.

तेवढ्यानं भागत नाही, कारण खरा चोर वायरिंगमध्ये असतो. बल्बला १० टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या जीपमध्ये वीज बॅटरीतून निघून डॅशबोर्डावरच्या स्विचला, तिथून पायाखालच्या डिप्पर स्विचला, मग दिव्याला जाते. वाटेत गंजलेले सांधे, झिजलेली टोकं, आणि रंगाच्या थरावर कसलेली अर्थिंग. दोन्ही दिवे अप्परला १२० वॉट ओढतात, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर आणि ६ व्होल्टच्या गाडीत तब्बल २०. जुन्या स्विचला हा भार झेपत नाही. म्हणून रिले बसवायचा: स्विचनं फक्त रिलेला इशारा द्यायचा, आणि दिव्याची वीज बॅटरीकडून जाड वायरीनं, फ्यूजमधून थेट न्यायची. अर्थिंगचा पत्रा घासून उघडा करायचा. अनेकदा एवढ्यानंच जुना बल्ब असा उजळतो की नवा घ्यायची गरज उरत नाही. डायनमोची गाडी उभी असताना दिवे मंदावणारच. तो डायनमोचा स्वभाव आहे. वेग घेतल्यावरही ते मंदच राहिले तर आधी डायनमोचा पट्टा आणि ब्रश तपासावेत.

आता त्या एलईडीच्या सल्ल्याकडे. एच-४ च्या होल्डरमध्ये खुपसायचे स्वस्त एलईडी बल्ब दोन-तीन मिलिमीटर जाड पट्टीच्या दोन्ही अंगांनी उजळतात. तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेल्या आरशाला ते मानवत नाहीत. झोत विस्कटतो, चालकाला जवळचं लख्ख दिसतं म्हणून उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण लांबचा रस्ता काळा राहतो आणि समोरचा आंधळा होतो. परदेशातून मागवलेल्या संचातही एक धोका आहे. उजवीकडून गाड्या चालणाऱ्या देशांच्या काचा झोत उजव्या कडेला वर उचलतात. आपल्याकडे तो थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. काच डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचीच घ्यावी.

बारवेतला गाळ काढताना तिचे दगड बदलत नाहीत. जुन्या गाडीलाही तोच न्याय. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिचा जुना नंबर राखता येतो. दिवे त्या तिन्हींत येत नाहीत, तरी काढलेला सीलबीम, कडं आणि जुनी वायर कापडात गुंडाळून ठेवा. युद्धापूर्वीच्या गाडीत चांदीचा मुलामा दिलेला आरसा असेल तर तो मऊ कापसानं हलकेच पुसा. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या आरशाला मात्र हातही लावू नका, तो निघून येतो.

आणि काम झाल्यावर गाडी तशीच रस्त्यावर आणू नका. चाकांत हवा नीट भरा, सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर ती उभी करा, दिव्याच्या मध्याच्या उंचीवर खडूनं आडवी रेघ मारा आणि डिप्परची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवा. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री सेलू-वालूर रस्त्यानं जाल तेव्हा समोरून येणाऱ्या सायकलवाल्यासाठी डिप्पर वेळेवर मारा.