होर्युजीची भिंत, अजिंठ्याचा कागद आणि आपला चारठाणा

जपानला जाऊन आलेल्यांचे फोटो हल्ली थेट फोटो म्हणून येतच नाहीत. मोबाईलमध्ये टाकले की मिनिटभरात त्याचं चित्र होतं. साकुराची झाडं, लाल कमान, मागे फुजी पर्वत. माझी काही तक्रार नाही, हौसेला मोल नसतं. पण फोटोवरून चित्र करण्याचं काम जपानने एकदा अगदी जिवावर आल्यासारखं केलंय, आणि त्या गोष्टीचं एक टोक आपल्या मराठवाड्यात आहे. आपल्याकडे ती फारशी कुणी सांगत नाही, म्हणून ही लांब पोस्ट.

नारा शहराजवळ होर्युजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. त्याचा मुख्य गाभारा लाकडी, जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. आतल्या १२ मोठ्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराची चित्रं होती. त्यातले बोधिसत्त्व पाहिले की अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणि आठवतो. हे मी म्हणत नाही, कलेचे अभ्यासक शंभर वर्षांपासून म्हणत आलेत.

चित्रांचा रंग उडत चालला होता. म्हणून १९३५ साली क्योटोच्या बेन्रिदो या छापखान्याने सगळ्या भिंतींचे मूळ मापाचे फोटो काचेच्या प्लेटांवर घेतले. एकेका भिंतीचे तुकडे पाडून, पुन्हा जुळतील असे. १९४० मध्ये चित्रकारांच्या चार तुकड्या बसल्या. या फोटोंचा फिकट छाप कागदावर घ्यायचा आणि समोरची भिंत बघत त्यावर रंग भरायचे, असं काम. छाप कोलोटाईप पद्धतीचा, म्हणजे काचेवर जिलेटिनचा थर देऊन छापलेला. वर्तमानपत्रातल्या फोटोत भिंगाखाली दिसतात तसे ठिपके त्यात नसतात, म्हणून ब्रशच्या कामाला तो चालतो.

या चारांपैकी एका तुकडीचे प्रमुख होते अराई कांपो. हे नाव लक्षात ठेवा.

कांपो रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून भारतात आले होते आणि पुढे थेट अजिंठ्यात जाऊन बसले. १९१७ च्या डिसेंबरपासून १९१८ पर्यंतचा काळ. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात, आपली परभणीही त्याच राज्यात. जपानी कागदावर रेघ उतरवून त्यांनी लेण्यांच्या प्रती केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या मोठ्या भूकंपात गेल्या.

अजिंठ्याच्या प्रतींना कुणाची नजर लागली कोण जाणे. मेजर गिलने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून रंगवलेली बहुतेक चित्रं १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. गिल आणि पारोची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, चित्रांचं काय झालं ते विचारा, कुणी सांगणार नाही. मग ग्रिफिथ्स साहेबाने मुंबईच्या जे. जे. स्कूलची पोरं घेऊन १८७२ पासून पुन्हा सुरुवात केली. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. त्या प्रतींपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच संग्रहालयात जळाल्या. निदान मूळ भिंती आपल्याकडे शाबूत राहिल्या.

होर्युजीत उलटं झालं. कांपो १९४५ मध्ये वारले, काम अर्धवट राहिलं. युद्धानंतर ते पुन्हा सुरू झालं आणि २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे गाभाऱ्यालाच आग लागली. चित्रकार थंडीत बसायला विजेची गादी वापरत, संशय तिच्यावर गेला. भिंती उभ्या राहिल्या, रंग गेला. (वर्षभराने आपण त्याच तारखेला प्रजासत्ताक झालो.)

आता उरलं काय? काचेच्या प्लेटा. १९६७-६८ मध्ये यासुदा युकिहिको, माएदा सेइसोन वगैरे नामांकित चित्रकारांनी त्याच फोटोंच्या छापावर सगळ्या भिंती पुन्हा रंगवल्या, आणि आज गाभाऱ्यात दिसतात त्या या. जळक्या भिंतीही त्यांनी फेकल्या नाहीत, वेगळ्या कोठारात ठेवल्या. आगीनंतर वर्षभरात, १९५० मध्ये, वारसा जपण्याचा कायदा केला, आणि २६ जानेवारीला तिथे आजही मंदिरामंदिरांत आग विझवण्याची कवायत होते.

आपल्याकडे याच जपानच्या कर्जातून अजिंठ्याच्या पायथ्याशी लेण्यांच्या प्रतिकृतींचं पर्यटक केंद्र उभं राहिलं, आणि वीज-पाण्याच्या थकबाकीपायी बंद पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या.

ते अजिंठ्याचं झालं, तिथे निदान बघायला दिल्लीचं खातं आहे. जिंतूर तालुक्यातला चारठाणा घ्या. जुनी मंदिरं, तो उंच स्तंभ, बारव. फोटो हजारो निघतात, सगळे सेल्फी. एका तरी भिंतीचा मापासकट, तुकडे जुळवता येतील असा फोटो कुठल्या कार्यालयात ठेवलाय का? जपानने ते काम १९३५ च्या कॅमेऱ्यावर केलं. आपल्या कॉलेजांत त्याहून चांगले कॅमेरे आहेत, ड्रोन तर लग्नाच्या वरातीतसुद्धा उडतात. जिल्हा नियोजन समितीवर असलेल्या मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर येत्या बैठकीत एवढा एकच विषय काढा: चारठाण्याची नोंद कोण करणार, आणि ती ठेवणार कुठे?