गोंडांचे पूर्वज परधानाच्या घरी

आदिवासींच्या इतिहासात आपण बहुधा एकच जोडी पाहतो: आदिवासी आणि बाहेरचे. शेजारी राहणाऱ्या दोन जमातींनी एकमेकींना आपले मानले की परके, हा प्रश्न मागेच राहतो. माझ्यापुढे तो आला एका भाषिक कोड्यामुळे. 1940 साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ आदिलाबादच्या डोंगरांत आले. परधानांची घरातली भाषा मराठी, पण यजमान गोंडाच्या अंगणात किकरी वाजू लागली की गाणे गोंडीत, असे त्यांनी पाहिले. म्हणजे गोंडांच्या कुळकथा तोंडपाठ असलेल्यांची मायबोली गोंडी नव्हती! भाषेवरून राज्ये आखणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पचायला जरा जडच.

प्रत्येक परधान कुटुंब ठरावीक गोंड कुटुंबांशी पिढ्यान् पिढ्या बांधलेले असे. पेर्सा पेन या कुळदेवाच्या पूजेला किकरी हवीच. कोणते कूळ चार देवांचे, कोणते सात देवांचे, कोणाचे कोणाशी लग्न जुळते, पूर्वज कुठून आले, हे सारे परधान गाऊन सांगणार. पण जेवायची वेळ आली की रेघ ओढली जाई. परधान गोंडाच्या हातचे खाई, गोंड परधानाच्या हातचे शिजवलेले अन्न घेत नसे. दोघांत बेटीव्यवहारही नाही. कुळांची नावे मात्र दोघांची तीच.

रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये छापलेल्या एका कथेत सात गोंड भाऊ बडादेवाच्या पूजेला जातात. देव काही प्रकट होत नाही. मग धाकटा काठीला तार बांधून वाजवू लागतो, आणि देव खाली येतो. त्या धाकट्याचे वंशज ते परधान. ही कथा मला विलक्षण वाटते. तिच्यात परधान बाहेरून आलेला नाही, तो घरातलाच आहे. आणि त्याच्यावाचून थोरल्या सहांना देव भेटलेलाच नाही. अशा भावाला पंगतीबाहेर बसवायचे, हे ‘परकेपणा’ या एका शब्दात मावत नाही. आपण ते ‘परस्परावलंबन’ म्हणून गोडही करू नये, कारण मान आणि अन्न यांची वाटणी सारखी नव्हती.

त्याच डोंगरांत कोलामांचे स्थान आणखी वेगळे. त्यांची भाषा स्वतंत्र, कोलामी. गोंड त्यांना ‘पुजारी’ म्हणत आणि त्या भूमीच्या देवांना शांत करायला त्यांनाच बोलावत. कुळाचा देव परधानाच्या सुरांवर, जमिनीचा देव कोलामाच्या हाती. गोंडाचे गोंडपण असे दोन शेजाऱ्यांकडे ठेवलेले.

नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर 1946 साली पुस्तक लिहिले ते शामराव हिवाळे या मराठी माणसाने, इंग्रजीत. व्हेरिअर एल्विन यांच्यासोबत ते पाटनगढला राहत. मराठी वाचकाला एल्विन ठाऊक असतात, हिवाळे क्वचितच. याचे मला वाईट वाटते. त्याच पाटनगढचा जनगढसिंह श्याम जगदीश स्वामीनाथन यांच्यामुळे भोपाळच्या भारत भवनात पोचला. जातीने परधान. पूर्वज जे देव गात आले, ते त्याने कागदावर आणि भिंतींवर काढले. 2001 साली जपानमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या चित्रांना जग ‘गोंड चित्रकला’ म्हणते.

हे नाव निव्वळ चूक आहे, असे मला वाटत नाही. देव गोंडांचे होतेच. पण सरकारी यादीत गोंड आणि परधान वेगवेगळ्या नोंदींत आहेत, आणि चित्रदालनातल्या पाटीवर परधान सहसा दिसत नाही. यादीत दोघांतले नाते हरवते, पाटीवर दोघांतला एक. भोपाळमध्ये आज जनगढच्या नात्यागोत्यातले अनेकजण चित्रे काढतात. खाली सही असते श्याम, टेकाम, उरवेती. त्या आडनावांवरून गोंड की परधान, हे ओळखता येत नाही.