प्रकाशाची परतवाट

मोटारगाडीच्या दिव्यांचा इतिहास सांगताना तेलाचा कंदील, कार्बाइडची बत्ती, तारेचा बल्ब, हॅलोजन, झेनॉन आणि एलईडी अशी चढती भाजणी मांडण्याचा प्रघात आहे, आणि प्रकाश वाढत गेला एवढेच पाहायचे असेल तर ती भाजणी बरोबरही आहे. गाड्यांची विजेची कामे करणाऱ्या वायरमनाने मात्र हाच इतिहास दुसऱ्या टोकाने पाहिला. त्याच्याकडे येणारी गाडी, विशेषतः गेल्या तीन दशकांत महाराष्ट्रातील असंख्य घरांची मुख्य गाडी बनलेली सात-आठ माणसांची उंच मोटार, बहुधा एकच गाऱ्हाणे पुन्हापुन्हा घेऊन येते: बल्ब बदलला तरी दिवा मंदच जळतो, इंडिकेटर दिला की मागचा सगळा संच मिणमिणतो, फ्यूज दर पावसाळ्यात उडतो. असा दोष परत येतो तेव्हा त्याचे मूळ बहुतेक वेळा दिव्यात सापडत नाही. ते दिव्याकडे जाणाऱ्या आणि दिव्याकडून परतणाऱ्या वाटेत असते. ही वाट कशी आखली गेली आणि ती राखणारा कारागीर कसा घडला, हा इतिहासाचा तितकाच महत्त्वाचा, पण फारसा न लिहिला गेलेला भाग आहे.

विजेपूर्वीच्या गाडीला अशी वाट नव्हतीच. 1892 मध्ये विजेच्या भट्टीतून कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत सापडली, आणि त्यावर थेंबथेंब पाणी पडले की निघणारा ॲसिटिलीन वायू जाळून गाड्यांचे दिवे लावले जाऊ लागले; जत्रेतल्या दुकानांवर आणि सायकलींवर जळणारी कार्बाइडची बत्ती ही त्याच कुळातली. या दिव्याचे बिघाड डोळ्यांना आणि नाकाला कळत. बर्नरचे छिद्र काजळीने बुजले की ते तारेने मोकळे करायचे, डब्यात साठलेला चुन्याचा गाळ खरवडून काढायचा, नळीला वास आला की ती बदलायची, एवढ्यावर काम भागे, आणि दिवा विझला म्हणून गाडीचे दुसरे काही अडत नसे.

हे स्वायत्तपण 1912 मध्ये संपले. अमेरिकेतील डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर त्या वर्षीच्या कॅडिलॅक गाडीत बसवण्यात आला, आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याच्या जिवावरच्या कष्टातून चालकाची सुटका झाली. या योजनेत इंजिन सुरू करणे, ठिणगी देणे आणि दिवे लावणे ही तिन्ही कामे एकाच बॅटरीवर आणि ती भरणाऱ्या एकाच जनित्रावर सोपवलेली होती. पुढच्याच वर्षी जर्मनीतील बॉश कंपनीने दिवे, जनित्र आणि नियंत्रक यांचा जुळवलेला संच बाजारात आणला. सोय मोठी होती, पण तिच्याबरोबर एक परावलंबनही आले: यापुढे दिव्याचा दोष हा एकट्या दिव्याचा राहिला नाही, आणि रात्री मंद जळणारा दिवा सकाळी सेल्फ न फिरण्याची पूर्वसूचना ठरू लागला.

त्याच काळात आणखी एक तडजोड रूढ झाली. वीज वाहायची तर बॅटरीपासून दिव्यापर्यंत एक तार आणि दिव्यापासून बॅटरीपर्यंत दुसरी तार, असे पूर्ण वर्तुळ लागते. गाडीचा सांगाडा लोखंडाचाच असल्याने परतीची तार वगळून त्या सांगाड्यालाच परतवाट करावे, म्हणजे तांबे आणि मजुरी निम्म्याने वाचते, असा हिशेब कारखानदारांनी केला. या परतवाटेला कारागीर ‘अर्थ’ किंवा ‘अर्थिंग’ म्हणतात. घरातल्या अर्थिंगशी तिचा जमिनीपुरताही संबंध नाही, कारण गाडी रबरी टायरांवर उभी असते आणि येथे सांगाडाच भूमीचे काम करतो. तांब्याच्या तारेवर आवरण असते. सांगाड्याला रंग असतो, रंगाखाली गंज असतो, आणि तार ज्या बोल्टखाली दाबलेली असते तो बोल्ट वर्षानुवर्षे हादरे खात सैल होत असतो.

या तडजोडीतून उपजणारा दोष समजून घेण्यासारखा आहे, कारण गाडीच्या मालकाला तो भुताटकीसारखा वाटतो. मागच्या दिव्याच्या एका घरात पार्किंगचा, ब्रेकचा आणि इंडिकेटरचा असे तीन बल्ब असतात आणि तिघांची परतवाट एकाच अर्थच्या तारेतून जाते. ती तार गंजली की ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या विजेला परत जायला सरळ मार्ग उरत नाही, आणि ती शेजारच्या बल्बमध्ये उलटी शिरून, त्याच्या तारेतून पुढे जाऊन, गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून अर्थ शोधते. ब्रेक दाबला की पार्किंगचा दिवा लुकलुकतो, इंडिकेटरच्या ठोक्याबरोबर ब्रेकचा दिवा फिका होतो, असे चमत्कार त्यातूनच घडतात. अशा वेळी बल्ब बदलला, होल्डर बदलला, तर हात लागल्यामुळे सांधा क्षणभर नीट बसतो, दिवा उजळतो, पैसे दिले जातात, आणि आठवड्याभराने दोष परत येतो. मालकाला वाटते बल्ब नकली होता. बल्ब बिचारा निर्दोष असतो.

आकडे पाहिले की या परतवाटेचे मोल अधिक कळते. बारा व्होल्टच्या गाडीतील साठ वॉटचा बल्ब सुमारे पाच अँपिअर वीज ओढतो. सांध्यावर केवळ 0.2 ओहम इतका अडथळा असला तरी एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो, म्हणून व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. उलट व्होल्टेज पाच टक्क्यांनी जास्त राहिले तर बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते. दर दोन महिन्यांनी बल्ब जाणाऱ्या गाडीत चार्जिंगचे व्होल्टेज मोजायचे, हा जाणत्या वायरमनाचा पहिला नियम या गणितावर उभा आहे, मग त्याने ते गणित कागदावर कधी मांडलेले असो वा नसो.

जुन्या गाड्यांत हा प्रश्न आणखी बिकट होता. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप सहा व्होल्टची होती, आणि तेवढ्याच शक्तीच्या दिव्यासाठी सहा व्होल्टवर दुप्पट वीज वाहावी लागत असल्याने एकाच अडथळ्यावर होणारी घट प्रमाणाने चौपट होई. या जीपचे पुढचे दिवे बिजागरीवर बसवलेले होते आणि ते मागे उलटवून इंजिनावर प्रकाश पाडता येई. रस्त्यासाठीचा दिवा दुरुस्तीसाठीही वापरता यावा एवढी समज ज्या आरेखनात होती, त्याविषयी आदर वाटल्याखेरीज राहत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या, आणि लष्कराने विकलेल्या वाहनांच्या जोडीला या गाड्यांनी शहरोशहरी एका नव्या कारागिराला काम दिले.

या कारागिराचे मुख्य दैवत डायनॅमो होते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज निर्माण करणारे हे यंत्र मंद गतीला पुरेशी वीज देत नसे, त्यामुळे गाडी थांबली की दिवे उतरत. आणि डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा कमी झाला की वीज उलटी वाहू नये म्हणून ‘कटआउट’ नावाची चुंबकीय चावी बसवलेली असे. कटआउटचे पॉइंट चिकटले की रातोरात बॅटरी उतरे. आर्मेचर, म्हणजे डायनॅमोचा फिरता गाभा, जळला तर तो फेकण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. आयातीवर निर्बंध असलेल्या त्या दशकांत तो पुन्हा गुंडाळला जाई, आणि वायंडिंग करणारा माणूस ही पेठेतली प्रतिष्ठित असामी असे. 1961 मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाल्यावर स्टार्टर आणि डायनॅमो देशात बनू लागले, तरी पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुन्या सुट्या भागांना गिऱ्हाईक टिकून राहिले.

या कारागिराचे शिक्षण जुन्या कारागिराच्या हाताखाली होई. टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारा जोडलेला साधा बल्ब, हे त्याचे पहिले हत्यार. ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत तारांचा रंग हीच लिपी. काळी तार अर्थची, तपकिरी बॅटरीची, पांढरी चावीनंतरची, निळ्यात पांढरी रेघ असेल तर वरचा झोत आणि लाल रेघ असेल तर डिपर, हिरव्यात लाल रेघ डाव्या इंडिकेटरची, पांढरी रेघ उजव्याची. ही लिपी वाचणाऱ्याला आराखडा लागत नसे. पण हाताला येईल त्या रंगाची तार जोडून गाडी चालती करण्याची सवय याच पिढीत लागली, आणि एकदा लिपी बिघडली की पुढच्या वायरमनाला ती गाडी अनोळखी भाषेतल्या पोथीसारखी होई. 1965 आणि 1971 च्या युद्धांत ब्लॅकआउटसाठी हेडलाइटवर काळा रंग फासण्याचे कामही याच कारागिरांनी केले.

1960 मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला आणि डायनॅमोचे युग उतरणीला लागले. अल्टरनेटर प्रत्यावर्ती वीज निर्माण करून सिलिकॉन डायोडांनी ती एकदिश करतो, इंजिन मंद असतानाही बॅटरी भरतो आणि कटआउटची गरज ठेवत नाही. भारतात हा बदल सावकाश झाला, पण त्याने एक गोष्ट शक्य केली: गाडीवर विजेचा भार हवा तेवढा टाकता येईल असा समज.

हा समज कौटुंबिक उंच गाडीत पूर्णपणे साकारला. पुण्यात बनलेल्या ट्रॅक्स आणि 1994 ची टाटा सुमो, 1998 ची सफारी, 2000 ची बोलेरो, नाशिकमध्ये बनून 2002 मध्ये आलेली स्कॉर्पिओ या गाड्यांनी एकीकडे सातारा-कोल्हापूरकडील वडाप आणि मराठवाड्यातील काळी-पिवळी वाहतूक पेलली, तर दुसरीकडे एकत्र कुटुंबाला एका गाडीत बसवून पंढरपूर, शिर्डी, गणपतीपुळे घडवले. गाडी घरात आली की तिला टेप, फॉग लॅम्प, म्युझिकल हॉर्न, छतावरचे दिवे हे दागिने चढत. साठ/पंचावन्न वॉटसाठी आखलेल्या तारांवर शंभर/नव्वद वॉटचे बल्ब लावले जात. घाटात रस्ता लख्ख दिसे, आणि काही महिन्यांत होल्डर वितळे किंवा स्टिअरिंगखालचा स्विच जळे. यावर रिले हा खरा उपाय होता. रिले म्हणजे थोड्या विजेने चालणारी आणि जास्त वीज सोडणारी चावी; ती बसवली की दिव्याचा भार स्विचवरून न जाता बॅटरीतून जाड तारेने थेट जातो. पण रिलेला वेळ आणि पैसे लागत, तार कापून टेप गुंडाळायला दहा मिनिटे पुरत.

याच गाड्यांच्या बांधणीत आणखी एक कायमचा दुखरा सांधा आहे. मागचा मोठा दरवाजा उघडताना-मिटताना त्यातील नंबरप्लेटचा दिवा, वायपर आणि काच तापवणारी जाळी यांच्या तारा बिजागरीजवळच्या रबरी नळीत दर वेळी वाकतात. हजारो वेळा वाकल्यावर आवरण शाबूत राहते आणि आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. दरवाजा उघडा असताना दिवा जळतो, मिटला की विझतो. दुकानात दोष दिसत नाही, रस्त्यावर दिसतो. कोकणच्या पावसाने आणि मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेने कपलरमध्ये, म्हणजे तारांच्या जोडणीच्या प्लास्टिक खोबणीत, हिरवट साका धरतो, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधणारे उंदीर तारा कुरतडतात. या प्रदेशातील वायरमनाचे वर्ष आजही मृगापासून मोजले जाते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

1986 मध्ये बॉश कंपनीने ‘कॅन’ ही संदेशव्यवस्था जाहीर केली, आणि 1990 च्या दशकापासून ती गाड्यांत शिरली. तिच्यात प्रत्येक दिव्यासाठी चालकाच्या स्विचपासून स्वतंत्र तार नेण्याऐवजी एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून आज्ञा पाठवल्या जातात आणि दिवा पेटवण्याचे काम जवळचे एक संगणकी नियंत्रक यंत्र करते. त्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रोध असतो, म्हणून सुस्थितीतील गाडीत दोन तारांमध्ये 60 ओहम मोजले जातात. 120 दिसले की कुठेतरी टोक सुटले आहे. नियंत्रक बल्बने ओढलेली वीज मोजत असतो. त्यामुळे तारेच्या बल्बच्या जागी हौसेने बसवलेला एलईडी बल्ब फारच कमी वीज ओढताना पाहून तो ‘बल्ब गेला’ असा इशारा देतो, आणि अनेक गाड्यांत इंडिकेटर दुप्पट वेगाने ठोके देऊ लागतो. टेस्ट लॅम्प लावून चाचपण्याची जुनी रीत या नाजूक तारांवर धोक्याची ठरली. हातची विद्या असलेल्या एका अख्ख्या पिढीला त्यामुळे स्कॅनर, म्हणजे नियंत्रकातील दोषांच्या नोंदी वाचणारे यंत्र, विकत घ्यावा लागला, आणि ज्यांना तो परवडला नाही त्यांची दुकाने ट्रॅक्टर आणि रिक्षांवर तगून राहिली. ही हानी केवळ उपजीविकेची नाही. तारेचा रंग पाहून गाडीची प्रकृती सांगणारे ज्ञान नोंदले न जाताच ओसरत आहे.

तरीही परतवाट जिथे होती तिथेच आहे. स्कॅनरवर एकाच वेळी चार नियंत्रकांशी संपर्क तुटल्याची नोंद येते, अधिकृत सेवाकेंद्रात महाग यंत्र बदलण्याचा सल्ला मिळतो, आणि मग एखादा जुना वायरमन मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरे सांगाड्याला लावून दिवे आणि पंखा सुरू करायला सांगतो. सुस्थितीत हा फरक 0.2 व्होल्टच्या आत राहतो. आकडा त्याच्या वर गेला की तो बॅटरीखालचा अर्थचा बोल्ट सोडतो, पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासतो, तारेचे टोक नवे दाबून बसवतो, वर व्हॅसलिनचा हात फिरवतो आणि पुन्हा दिवे लावायला सांगतो.